गोल हौदाची भिंत: ताण कोणी घ्यायचा?

गेल्या काही वर्षांत इंदापूर आणि बारामती तालुक्यांतील ताडपत्रीच्या धंद्याला एक नवे गिऱ्हाईक लाभले आहे. पूर्वी ताडपत्री जायची ती कांद्याची चाळ झाकायला, ट्रॉलीवर टाकायला किंवा लग्नाच्या मंडपाला. पुढे डाळिंब आणि द्राक्षांच्या बागांबरोबर शेततळी आली आणि शेततळ्याच्या कागदाची विक्री वाढली. आता शेळगाव, निमगाव केतकी, अंथुर्णे या पट्ट्यातून विचारणा होते ती जमिनीवर उभ्या राहणाऱ्या गोल हौदाच्या अस्तराची.

हे हौद दोन कामांसाठी लागतात. पहिले काम मत्स्यपालनाचे. केंद्र सरकारने २०२० साली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू केली. तिच्यात बायोफ्लॉक पद्धतीच्या हौदांना अर्थसाहाय्य ठेवले गेले. उजनीच्या मासळीमुळे भिगवण आणि इंदापूरचे मासळी बाजार आधीपासून प्रसिद्ध आहेतच. त्यामुळे तरुण शेतकऱ्यांना हा जोडधंदा जवळचा वाटला. दुसरे काम पोहण्याच्या हौदाचे. बारामती भागात कृषी पर्यटनाची सुरुवात लवकर झाली आणि २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. शहरातून आलेल्या मुलांना पाण्यात खेळायला जागा हवी असते. खोदून, काँक्रीट करून तलाव बांधणे सर्वांना परवडत नाही. मग जमिनीवर पत्र्याची किंवा जाळीची गोल भिंत उभी करून आत अस्तर सोडले की हौद तयार होतो.

मासे असोत की मुले, भिंतीचे शास्त्र एकच आहे. हे काम दोन कारागिरांच्या हातून होते. एक भिंत करणारा वेल्डर आणि दुसरा अस्तर देणारा ताडपत्रीवाला. आपल्या समाजातील शिकलगार, पिंजारी, आतार, मोमीन अशा अनेक बंधूंचा चरितार्थ या दोन धंद्यांवर चालतो. म्हणून या भिंतीविषयी नीट माहिती असणे आवश्यक आहे. माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूकही पुढे सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

भिंत कशावर उभी राहते?

भिंत म्हटले की डोळ्यांपुढे विटांची भिंत येते. ती आपल्या वजनावर उभी असते. गोल हौदाची भिंत पातळ असते, तिला स्वतःचे वजन फारसे नसते. ती उभी राहते ताणावर. पाणी तिला सर्व बाजूंनी बाहेर ढकलते आणि भिंत एखाद्या कड्याप्रमाणे स्वतःला आवळून धरते. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव लाकडाला जशी आवळून ठेवते, तसेच हे आहे. कडे जोवर अखंड आहे तोवर भिंत सुरक्षित. कडे एका जागी सुटले की सगळी भिंत उघडते.

हा ताण किती असतो? उदाहरणासाठी ४ मीटर व्यासाचा हौद घेऊ. पाणी १.२ मीटर, म्हणजे सुमारे चार फूट. यात पाणी मावते १५ हजार लिटर, वजन १५ टन. तळाच्या १० सेंटीमीटर पट्ट्यावर येणारा ताण काढायचा सोपा हिशेब असा: व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला पाण्याच्या मीटरमधील उंचीने गुणा, आलेल्या आकड्याला ५० ने गुणा. उत्तर किलोत येते. म्हणजे ४ गुणिले १.२ गुणिले ५०, बरोबर २४० किलो.

संपूर्ण सांध्यावर, म्हणजे भिंतीची दोन टोके जिथे जोडली जातात तिथे, वरपासून खालपर्यंत एकूण किती ताण येतो तेही पाहा. व्यास गुणिले उंची, पुन्हा गुणिले उंची, गुणिले २५०. आपल्या हौदाला हे उत्तर १,४४० किलो येते. उंची येथे दोनदा गुणली जाते, हे ध्यानात ठेवावे. गिऱ्हाईक म्हणते, "एक फूट पाणी वाढवू, काय बिघडते?" पाणी १.२ वरून १.५ मीटर केले तर उंची फक्त पावपट वाढली, पण सांध्यावरचा ताण १,४४० वरून २,२५० किलो झाला. जवळजवळ दीडपटीहून अधिक.

आणखी एक गोष्ट. हा ताण वर-खाली सारखा नसतो. पाण्याच्या वरच्या अर्ध्या उंचीत त्याचा पाव हिस्सा असतो आणि खालच्या अर्ध्या उंचीत पाऊण. म्हणून सांध्याची खरी परीक्षा खालच्या दोन फुटांत होते. आमचे अनेक कारागीर वरचे बोल्ट उभे राहून आरामात आवळतात आणि खालचे वाकावे लागते म्हणून हातानेच फिरवून सोडतात. हे अगदी उलटे आहे.

जाळी निवडताना

विणकर बंधूंना ताणा आणि बाणा सांगायला नको. जाळीतही उभ्या तारा आणि आडव्या तारा असतात. हौदात सगळा ताण आडव्या तारांवर येतो. उभ्या तारांचे काम आडव्यांना जागेवर धरून ठेवणे एवढेच. त्यामुळे जाळीची घरे लांबट असतील किंवा एका दिशेच्या तारा जाड असतील, तर जवळजवळच्या किंवा जाड तारा आडव्या येतील अशीच जाळी लावावी. रोल सोयीने फिरवून लावू नये.

आडव्या तारांमध्ये ५ सेंटीमीटर अंतर असेल तर आपल्या हौदात सर्वांत खालच्या तारेवर सुमारे १२० किलो ताण येईल. साध्या पोलादाची ३ मिलिमीटर तार सुमारे १८० किलोला कायमची लांबू लागते. तीच तार गंजून अडीच मिलिमीटर उरली, तर ही मर्यादा १२५ किलोवर येते. म्हणजे भिंत उभी दिसते, पण ती अगदी कडेलोटावर उभी असते. ४ मिलिमीटर तारेची मर्यादा सुमारे ३२० किलो आहे. बाजारात तार गेजवर मागतात आणि गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. ८ गेज म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर, ११ गेज म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. गिऱ्हाइकाला मिलिमीटरमध्येच सांगावे. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळून जातो, तेथे जस्ताचा रंग मारल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये.

व्यास दुप्पट झाला की ताणही दुप्पट होतो. चार मीटरच्या हौदाला चालली तीच जाळी आठ मीटरच्या हौदाला लावणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे.

आधी जमीन

आपल्याकडे काळी माती पुष्कळ आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यावर थेट हौद ठेवू नये. वरची माती काढून मुरूम टाकावा, पाणी मारून धुमसाने चोपावा, त्यावर बारीक कच पसरून पुन्हा चोपावी. हरळी आणि लव्हाळा मुळासकट काढावा. लव्हाळ्याचा कोंब अस्तराला खालून भोक पाडतो. उंदीर आणि घुशींची बिळे असल्यास आधी बुजवावीत.

जागा सपाट करताना एक नियम कधी मोडू नये. उंच बाजू खोदून खाली आणावी, सखल बाजू भर घालून वर आणू नये. भर कितीही चोपली तरी १५ टन पाण्याखाली ती कमी-जास्त बसते. एक बाजू बसली की पाणी त्या बाजूला खोल होते, भिंत कलते आणि गोल आकार बिघडतो. पाणसळीच्या नळीने सर्व बाजूंची पातळी मोजावी. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एक इंचाहून अधिक फरक राहू देऊ नये. पत्र्याच्या भिंतीला उभे खांब असतील तर प्रत्येक खांबाखाली एक फूट चौरस शहाबादी फरशी जमिनीच्या बरोबरीने बसवावी, म्हणजे खांब मुरमात रुतणार नाही.

भिंत उभी करणे

मध्यभागी खुंटी ठोकून, दोरी धरून, चुन्याने वर्तुळ आखावे. पत्र्याची भिंत असेल तर खालची पन्हळ या वर्तुळावर मांडून घ्यावी. पत्र्याचा रोल आतल्या बाजूला फळीवर उभा ठेवावा. तीन-चार माणसांनी तो हळूहळू उलगडत पन्हळीत बसवत जावे. वारा असलेल्या दिवशी हे काम करू नये. रिकामी भिंत वाऱ्यात शिडासारखी ओढली जाते आणि पत्र्याला एकदा मोड पडली की ती निघत नाही. फजरनंतर लगेच काम सुरू करून उन्हाच्या आत भिंत जोडून घ्यावी.

भिंतीची दोन टोके जुळली नाहीत तर ओढून किंवा पत्रा कापून जुळवू नये. पन्हळ सर्व बाजूंनी थोडी आत किंवा बाहेर सारावी. सांध्यावरचे एकही भोक बोल्टशिवाय सोडू नये. बोल्टचे चपटे डोके आत आणि नट बाहेर, म्हणजे अस्तराला टोचणार नाही. जाळीची भिंत असेल तर टोकांवर टोक ठेवून फक्त बांधणीच्या तारेने बांधणे पुरेसे नाही. जाळी एकमेकींवर किमान दोन घरे चढवावी आणि प्रत्येक आडवी तार वेल्ड करावी किंवा क्लँपने आवळावी. तारांची सर्व टोके बाहेरच्या बाजूला वळवावीत.

भिंत आणि अस्तर यांच्यामध्ये फेल्ट किंवा फोमचा थर हवा. काहीजण जुने गोणपाट लावतात. ते ओलाव्याने कुजते. भिंतीच्या पायथ्याशी आतून चाळलेल्या वाळूचा किंवा कचीचा उतरता बांध द्यावा, साधारण एक वीत उंच. त्याने कोपरा बुजतो आणि भिंतीखालच्या फटीत अस्तर घुसत नाही.

माझी चूक

आता अस्तराकडे येतो. कपड्यात अस्तर ताण घेत नाही, वरचे कापड घेते. हौदातही तसेच असावे. अस्तराने फक्त पाणी अडवावे, ताण भिंतीने घ्यावा. यासाठी अस्तर भिंतीपेक्षा किंचित सैल असावे लागते, म्हणजे पाण्याच्या दाबाने ते भिंतीला जाऊन टेकते. अस्तर तोकडे असेल तर ते भिंतीपर्यंत पोहोचतच नाही आणि सगळा ताण कापडावर व त्याच्या जोडावर पडतो.

२०२२ च्या फेब्रुवारीत शेळगावच्या एका तरुण शेतकऱ्याने माझ्याकडून अस्तर नेले. त्याने फोनवर सांगितले, "चाचा, चार मीटरचा हौद आहे." दुकानात आम्ही फुटात कापतो. मी म्हणालो, चार मीटर म्हणजे तेरा फूट. प्रत्यक्षात ते होतात तेरा फूट दीड इंच. व्यासात दीड इंच म्हणजे घेरात साडेचार इंचांहून अधिक. शाळेत आम्ही घेराला मुहीत म्हणत असू आणि मुहीत काढायचा कायदा तेव्हापासून पाठ आहे, पण त्या दिवशी तो वापरला नाही. शिवाय उभ्या पट्टीला तीन जोड होते आणि प्रत्येक जोडात दोन इंच कापड दबले. ते सहा इंच मी वाढवून घेतले नव्हते. भिंतीचा घेर ४१ फूट ३ इंच, माझ्या अस्तराचा ४० फूट ४ इंच. अकरा इंच तोकडे. याचा अर्थ अस्तर सर्व बाजूंनी भिंतीपासून पावणेदोन इंच दूर उभे होते.

तीन फूट पाणी भरले. रात्री खालचा जोड उसवला. ११ हजार लिटर पाणी शेजाऱ्याच्या कांद्याच्या रोपावर गेले. ते पाणी टँकरने विकत आणलेले होते.

मी पोहोचलो तेव्हा दोष वेल्डरवर ठेवला गेला होता. जाळीचे टोक लागून कापड फाटले असे सर्वांचे म्हणणे होते आणि त्याची मजुरी अडवून ठेवली होती. तो मला म्हणाला, "भाई, माझी भिंत उभीच आहे, एक तारही वाकली नाही. मग माझे पैसे कशासाठी अडले?" मी खिशातील टेप काढून भिंतीचा घेर मोजला आणि मग अंगणात पसरलेल्या अस्तराचा. आकडे फक्त मला कळले होते. गप्प बसलो असतो तर वेल्डरची मजुरी गेली असती आणि माझे बिल शाबूत राहिले असते. खरे सांगायचे तर काही क्षण मी गप्प राहिलोही.

मग सांगितले. अस्तर बदलून दिले, कांद्याच्या रोपाची आणि टँकरची भरपाई दिली. वेल्डरला त्याची मजुरी मिळाली. त्या महिन्यात नफा राहिला नाही. पण त्यानंतर त्याच गावातून चार अस्तरांची मागणी आली आणि तीन ठिकाणी भिंत त्याच वेल्डरने केली.

तेव्हापासून माझा नियम असा. भिंत उभी राहिल्यावर स्वतः जाऊन किंवा विश्वासू माणूस पाठवून बाहेरून घेर मोजायचा. चार मीटरच्या हौदाला जोडांचा दाब वेगळा धरून वर १० ते १५ सेंटीमीटर सैल द्यायचे. तळाचा गोल तुकडा व्यासात ५ सेंटीमीटर मोठा कापायचा. काठावरून बाहेर दुमडायला एक फूट कापड ठेवायचे. कापडाचे वजनही गिऱ्हाइकासमोर दाखवायचे. १० सेंटीमीटर लांब-रुंद तुकडा कापून सराफाच्या काट्यावर ठेवला की ६५० जीएसएमचे कापड साडेसहा ग्रॅम भरले पाहिजे. साडेपाच भरले तर ते ५५० चे आहे, छापील चिठ्ठी काहीही म्हणो.

पाणी भरताना

आधी दोन-तीन इंच पाणी सोडावे. अनवाणी आत उतरून सुरकुत्या मधून काठाकडे सारून घ्याव्यात. मग एक फूट भरून थांबावे. भिंतीला बाहेरून हात लावून पाहावे. अस्तर सर्व बाजूंनी भिंतीला टेकले आहे का, दोघांमध्ये बोटे जातात का, हे तपासावे. बोटे जात असतील तर पाणी तेथेच थांबवावे. सर्व ठीक असेल तर रात्रभर तसेच ठेवून सकाळी पुन्हा पातळी आणि सांधा पाहावा, नंतरच पुढे भरावे. पाण्याच्या नळासाठी भिंतीला भोक पाडायचे असल्यास अस्तर तेथे पाणी चढत आल्यावरच कापावे, कारण तोवर कापड आपल्या कायम जागी बसलेले नसते. ज्या दीनमध्ये वुजूचे पाणीही वाया घालवू नये अशी शिकवण आहे, त्याच्या अनुयायांनी पंधरा हजार लिटरच्या बाबतीत घाई करू नये.

भिंत लोखंडाची आहे आणि शेजारी मोटर किंवा हवेचा पंप चालतो. भिंतीला आणि मोटरला अर्थिंग हवेच आणि गळती होताच वीज तोडणारे स्विचही हवे. हौद पोहण्याचा असेल तर शिडी काढून ठेवता येईल अशी करावी. चार फूट पाणी लहान मुलाला पुरेसे धोक्याचे असते.

व्यवहाराची बाजू

मागणीप्रमाणे वस्तू बनवून देण्याच्या व्यवहाराला फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणतात. त्यात वस्तूची जात, माप आणि वर्णन आधी स्पष्ट ठरलेले असावे लागते. आपण मात्र फोनवर "चार मीटरचा हौद" ऐकून कात्री चालवतो. एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: भिंतीचा प्रत्यक्ष घेर, पाण्याची जास्तीत जास्त उंची, तारेची किंवा पत्र्याची जाडी, कापडाचे वजन आणि जमीन कोणी तयार केली. त्यावर गिऱ्हाईक, वेल्डर आणि ताडपत्रीवाला अशा तिघांच्या सह्या असाव्यात. असा कागद असता तर त्या वेल्डरवर आळ आला नसता.

मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआन शरीफमध्ये एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह अल-मुतफ्फिफीन. मी ती लहानपणापासून वाचत आलो आणि मापात चोरी करणारा तो दुसरा कोणीतरी, असे समजत आलो. शेळगावच्या त्या अंगणात अकरा इंचांचा फरक टेपवर पाहिला तेव्हा कळले की चोरीचा इरादा नसतानाही माप कमी दिले जाते. आळस आणि अंदाज यांनीही गिऱ्हाइकाचे तेवढेच नुकसान होते.

बंधूंनो, हा धंदा वाढणारा आहे. त्यात आपल्या कारागिरांना चांगली रोजी आहे. कात्री लावण्यापूर्वी एकदा टेप लावा. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.